बेटांसाठी कोर्जेट

१७ फेब्रुवारी १९९१, रविवार

नवी वही. यात फक्त कामाचं लिहायचं. दुखणी, तक्रारी आणि द्रौपदीचे टोमणे लिहायचे नाहीत.

पोस्टातून रिटायर होऊन दोन महिने झाले. सॉर्टिंग ऑफिसात अठ्ठावीस वर्षं जगाची पत्रं खणांत टाकली. छोट्या बेटांची ओळख तिथली. त्यांचे खण अगदी कोपऱ्यात, पण तिकिटं सगळ्यांत देखणी. केळी, नारळ, मासे. आणि परवा लायब्ररीत वाचलं, की त्याच बेटांवरची पोरं शाळेत जहाजातून आलेलं डब्यातलं अन्न खातात! दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

संकल्प: शाळेचं जेवण शाळेजवळच्या शेतातून. आधी इथे लंडनच्या पिनरमध्ये करून दाखवायचं, मग योजना बेटांना द्यायची. तसं इंग्लंडही बेटच आहे, फक्त त्याला ते आठवत नाही.

जमीन आहे (अलॉटमेंटचा, कौन्सिलने भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेला, आपला प्लॉट). बियाणंही आहे. गेल्या वर्षी एक कोर्जेट (काकडीसारखा दिसणारा इथला कोवळा भोपळा) मुद्दाम झाडावर राहू दिलं, जून झालं, बिया काढून राख लावून वाळवल्या. माझी आई असंच करायची. पाकिटातलं बियाणं आणायला आपण काय साहेब आहोत?

द्रौपदीने विचारलं, अहो, बेटांवर कोर्जेट कोण खातं? तपशील नंतर.

५ मार्च, मंगळवार

सात बेटांच्या हाय कमिशनांना, म्हणजे लंडनमधल्या वकिलातींना, सात पत्रं टाकली. विषय: स्थानिक शेती आणि शाळेचं पौष्टिक जेवण. सही करताना दोन कागद वाया गेले. थंडीमुळे.

आमची मुलगी सीमा हॉस्पिटलात नर्स, तिची सकाळची ड्यूटी असते, म्हणून नातीला शाळेत सोडायचं काम माझं. मीनल सात वर्षांची. तिला सोडल्यावर आज शाळेच्या किचनमध्ये डोकावलो. मुख्य स्वयंपाकीण मिसेस ऑगस्टिन, मूळच्या सेंट लुशियाच्या. म्हणजे बेट स्वतः चालत माझ्याकडे आलं! योजना सांगितली. त्या कांदा चिरत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, आमच्या शाळेत दुधाची पावडर आणि बिस्किटं जहाजाने यायची, आणि बाहेर आवारात ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, झाडाखाली पडून कुजायचं. आम्ही पोरं ते पाहत पाहत बिस्किट खायचो.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचंही असेल.

त्यांनी अडचण सांगितली. हे किचन राहील की जाईल ते नक्की नाही. शाळेचे गव्हर्नर, म्हणजे कारभारी मंडळ, शरद ऋतूत ठरवणार. किचन बंद झालं तर कॉन्ट्रॅक्टरची व्हॅन गारेगार ट्रे आणून देणार आणि तेच गरम करून पोरांना द्यायचं. मिसेस ऑगस्टिन इथे एकोणीस वर्षं आहेत. मी म्हणालो, सप्टेंबरात हार्वेस्ट लंच, सुगीचं जेवण, करू, गव्हर्नरांना बोलवू, भाजी माझी. त्या म्हणाल्या, भाजी चांगली हवी, स्वच्छ हवी, वेळेवर हवी. मी म्हणालो, लीव्ह इट टू मी. त्या म्हणाल्या, असं म्हणणारे पुरुष मी खूप पाहिलेत, मिस्टर हरिदास.

बाई विनोदी आहेत.

२० एप्रिल, शनिवार

बिया पेरल्या. शेजारच्या प्लॉटवाला, पिकेट नावाचा इंग्रज, कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. हा दर वर्षी शोभेचे भोपळे लावतो. पट्ट्यापट्ट्यांचे, फोडाफोडांचे. खायचे नाहीत, चर्चमध्ये हार्वेस्टला मांडायचे. बघायला दहा माणसं येतात.

पिकेटने विचारलं, बियाणं कुठलं? मी अभिमानाने म्हणालो, घरचं. तर म्हणतो, फेकून दे, हॅरी. माझे भोपळे आणि तुझी कोर्जेटं भाऊबंद आहेत. मधमाशी इकडून तिकडे गेली की बियांत भेसळ होते, आणि भेसळीचं फळ कडू निघतं. कडू म्हणजे वाईट कडू. पाकीट आण.

मी हसून म्हणालो, मधमाश्यांना तरी शेजारधर्म कळतो. (नोंद: मत्सर. त्याच्या भोपळ्यांना कोणी शाळेत बोलावलेलं नाही.)

२ जुलै, मंगळवार

जूनभर गारठा. आता ऊन. फुलं आली. पाऊस नाही, पाणी घालून खांदे गेले. (दुखणं लिहायचं नाही.)

एका हाय कमिशनचं उत्तर आलं! दोन ओळी. आपले पत्र फाइलला लावण्यात आले आहे. द्रौपदी म्हणाली, म्हणजे झालं. तिला ऑफिसची रीत माहीत नाही. टाकून द्यायचं असतं ते फाइलला लावत नाहीत.

२० जुलै, शनिवार

पहिली फळं. गेल्या वर्षीपेक्षा आखूड, जरा गोल, अंगावर फिकट पट्टे आणि थोडे फोड. ही नवीन जात दिसते. नाव ठेवावं लागेल.

अजून एक आश्चर्य. गोगलगायी आजूबाजूच्या सगळ्या कोबीची चाळण करून गेल्या, पण माझ्या कोर्जेटांना वळसा घालून! औषध न मारता! एका फळाला एकीने तोंड लावलं होतं. ती शेजारीच मरून पडली होती. वय झालं असावं.

२४ जुलै, बुधवार

पहिली भाजी. द्रौपदीने सवयीप्रमाणे देठाकडची चकती कापून जिभेला लावली आणि सिंकमध्ये थुंकली. म्हणाली, अहो, जीभ बधिर झाली माझी, फेका ही. मी म्हणालो, काकडीचं काय करतेस? टोक कापायचं, त्याच टोकाने घासायचं, फेस येतो, कडू निघून जातं. लहानपणापासून करतोय. मी स्वतः घासून दिलं. फेसही आला. थोडा हिरवट.

भाजी झाली. कडवटपणा आहे, पण कारलं आपण मुद्दाम खातोच की. मी दोन वाट्या खाल्ल्या. तिने एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

२५ जुलै, गुरुवार, दुपारी ३

सकाळपासून पोट ठीक नाही. सहा वेळा. द्रौपदीलाही मळमळ. दही उन्हात राहिलं होतं.

सीमा आली, मीनलला घेऊन. सीमाने नर्सच्या आवाजात विचारलं, बाबा, काय खाल्लं? मी म्हणालो, दही. मीनलने भाजीच्या भांड्यावरचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, आजोबा, हा भाजी मला नको. मी म्हणालो, अगं ही भाजी. ती म्हणाली, ही पण नको.

इथल्या पोरांना कडूची सवयच लावलेली नाही. योजनेत एक मुद्दा वाढवला: चवीचं शिक्षण.

११ ऑगस्ट, रविवार

आपल्या समाजाच्या हॉलमध्ये बुद्धवंदना आणि सामुदायिक जेवण. प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं. मी कोर्जेटची कोशिंबीर नेली. सगळी टोकं स्वतः घासली, मीठ लावून ठेवली, पाणी पिळून टाकलं, वर साखर आणि दाण्याचं कूट. हार्वेस्ट लंचची रंगीत तालीम म्हणायची! लोकांनी घेतली. यमुनाताईंनी दोनदा घेतली, माझ्याविषयी त्यांना आधीपासून आदर आहे. दुसऱ्यांदा घेताना चेहरा थोडा वाकडा झाला, पण वयस्कर माणसाला आंबटगोड सोसत नाही.

द्रौपदी आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. जाताना दारातून म्हणाली, अहो, तो डबा घरीच ठेवा. हे तीनदा म्हणाली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

हॉलमधली पाच माणसं आजारी. उलट्या, जुलाब. यमुनाताई हॉस्पिटलात, सलाइन लावलंय. सत्तरी उलटलेली बाई, फार वाईट वाटलं.

कारण उघड आहे, शशीची खीर. दूध बसमधून आलं, उकाडा केवढा. तरुण आहे, त्याचं मन दुखवू नये म्हणून फोनवर अगदी गोडीने समजावलं, की खीर पुढच्या वेळी बर्फात ठेव. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, हरिदासदादा, मी खीर आणलीच नव्हती. मी केळी आणली होती.

केळ्यांवरही हल्ली फवारतात.

मलाही दोन दिवस बरं नाही. पण माझं पोट पहिल्यापासूनच नाजूक.

२९ ऑगस्ट, गुरुवार

महिनाभर थेंब नाही. पिकेटच्या भोपळ्यांनी माना टाकल्या, माझी कोर्जेटं मात्र एकावर एक येताहेत. थोडं विचित्रच वाटतं बघायला. तोडावी तितकी वाढतात, पानाखाली हात घातला की अजून एक.

पिकेटने कुंपणावरून एक उचललं, सुरीने चकती काढली, जिभेच्या टोकाला लावली. आणि रंगच उतरला त्याचा. टोपीत थुंकला. थट्टा नाही, मस्करी नाही, हळू आवाजात म्हणाला, हॅरी, हे कोणाला देऊ नकोस. बायकोलासुद्धा नको. वचन दे.

मी म्हणालो, बघतो.

त्याने टोपी कचऱ्यात टाकली. चांगली टोपी होती. इंग्रज माणसाला कडूची एवढी धास्ती असते हे ठाऊक नव्हतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

शाळा उघडली. मीनल तिसरीत. मिसेस ऑगस्टिन भेटल्या. लंच ठरलं: शुक्रवार, २७ सप्टेंबर. मेनू: कोर्जेट सूप, ताजा पाव, सफरचंद. गव्हर्नर येणार आणि पोरांच्या रांगेत बसून जेवणार. त्या म्हणाल्या, त्या दिवशी सूप चांगलं झालं तर मला वाटतं आपण वाचू. नाही झालं तर मला पुन्हा हे असं किचन मिळणार नाही, या वयात कोण देतंय?

त्यांनी विचारलं, चव कशी आहे?

मी म्हणालो, वेगळी.

त्या म्हणाल्या, गुड. वेगळी म्हणजे ताजी.

खरं तर तिथेच सांगायला हवं होतं, की टोकं घासावी लागतात. पण रेसिपीचे बारकावे भाजीवाल्याने सांगू नयेत. आणि मी घासूनच देणार आहे, मग प्रश्नच कुठे येतो.

२२ सप्टेंबर, रविवार

यमुनाताई घरी आल्या. भेटायला गेलो. निम्म्या झाल्यात. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, काही कडू खाल्लं होतं का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मी सांगितलं, नाही आठवत. भला स्वभाव बाईंचा.

येताना बसचा स्टॉप चुकला. झोप कमी.

सीमाला सांगितलं, शुक्रवारी मीनलला डबा देऊ नकोस, शाळेत जेवू दे, आजोबांची भाजी आहे. सीमा म्हणाली, बाबा, ती जुलैतलीच भाजी? मी म्हणालो, नाही गं, ही सप्टेंबरची.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सात ते दुपारी चार. साठ कोर्जेटं. एकेकाचं टोक कापलं, एकेक घासलं. फेस बादलीत. सालं काढली, तुकडे केले, मीठ लावलं, पाणी पिळलं, पुन्हा मीठ, पुन्हा पिळलं. हाताची कातडी चुरचुरते आहे आणि बोटं कितीही धुतली तरी कडूच लागतात. चहा कडू लागला. पावही कडू लागला.

द्रौपदीने मदत केली नाही. दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारलं, काय? म्हणाली, तेच. आणि आत गेली.

तुकडे स्वच्छ डब्यांत भरले. बिनसालीचे, एकसारखे, पांढरेशुभ्र. पट्टे दिसत नाहीत, फोड दिसत नाहीत. कोणत्याही दुकानातल्यासारखे. मन एकदम हलकं झालं.

एक तुकडा चाखून बघावा असं वाटलं. मग वाटलं, एवढं केल्यावर चाखणं म्हणजे स्वतःच्या कामावर अविश्वास. नाही चाखला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ९

डबे पोचवले. मिसेस ऑगस्टिन गडबडीत. झाकण उघडून म्हणाल्या, तुम्ही तर माझं निम्मं काम करून आणलंत! गव्हर्नरांना सांगते, बघा आमचा शेतकरी.

आमचा शेतकरी!

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

नीट क्रमाने लिहितो.

शाळेच्या हॉलमध्ये बेटांचा तक्ता लावला. गव्हर्नर आले, चार बायका, तीन पुरुष. बारा वाजता मी पाच मिनिटं बोलणार होतो. पावणेबाराला बाहेर अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज. रस्त्यावर काही झालं असेल म्हणून मी तक्त्याचा एक कोपरा नीट चिकटवत बसलो.

मग हेडमिस्ट्रेस धावत आल्या. पोरं रांगेत उभी होती, ताटं हातात, पुढे तिसरीचा वर्ग, आणि सगळ्यांत पहिली मीनल. तिने मला हात केला. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, कोणी काही खायचं नाही, सगळे वर्गात.

मिसेस ऑगस्टिननी सूप वाढण्याआधी चाखलं होतं. त्या एकोणीस वर्षं रोज प्रत्येक भांडं चाखतात. एक चमचा कडू लागला. भांडं नीट धुतलेलं नसेल म्हणून दुसऱ्या भांड्यातलं दोन चमचे घेतलं. मग गॅस बंद केला, दोन्ही भांड्यांवर झाकणं ठेवली, मदतनीस बाईला सांगितलं, हात लावू नका, पोरांना थांबवा. आणि तिथेच फरशीवर बसल्या. उलट्या थांबेनात.

पोरांना बीन्सचे डबे उघडून दिले. गव्हर्नरांनाही. तक्ता मी काढून घेतला.

हे कशामुळे झालं ते अजून कळलेलं नाही. भांड्याची कल्हई असेल.

३० सप्टेंबर, सोमवार

एन्व्हायर्न्मेंटल हेल्थचा, म्हणजे कौन्सिलच्या आरोग्य खात्याचा, माणूस घरी आला. सभ्य. प्लॉटवरची सगळी झाडं उपटून पिवळ्या पिशव्यांत भरली. पिकेट कुंपणाशी उभा होता, एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

फॉर्म भरायचा होता. प्रश्न चौथा: कडू चव प्रथम केव्हा लक्षात आली?

मी लिहिलं, लक्षात आली नाही.

ही वही बाजूच्याच टेबलावर होती. त्याला मराठी येत नाही. तरी मी तिच्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

संध्याकाळी सीमा आली. कोट न काढता बसली. म्हणाली, बाबा, आमच्याच वॉर्डात आहेत त्या. तीन चमच्यांत एवढं. पोरांच्या बाऊलमध्ये किती चमचे बसतात माहीत आहे? मी म्हणालो, सूप पातळ होतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. असं तिने कधी पाहिलं नव्हतं मला. मग म्हणाली, मीनल पहिली होती, बाबा.

उठून गेली. चहा तसाच.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मीनलला सोडायला आता जयंतराव जातात. जावई ऑफिसला उशीर करून जातात. मला सांगितलं, तुम्ही आराम करा.

आराम केला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मिसेस ऑगस्टिनना हॉस्पिटलातून घरी सोडून चार दिवस झाले. आज त्या शाळेतून आपलं सामान न्यायला येणार हे कळलं, म्हणून गेलो. गव्हर्नरांनी परवा ठरवलं: हाफ-टर्मच्या सुट्टीनंतर किचन बंद, व्हॅन सुरू.

फुलं नेली. दुकानातली.

त्या आपल्या सुऱ्या फडक्यात गुंडाळत होत्या. गाल बसलेत. फुलं घेतली, पाण्यात ठेवली, मला स्टूल दिलं. बसमध्ये मी सगळं पाठ केलं होतं, बियाणं, मधमाश्या, पावसाचं मान. त्यातलं काही आलं नाही. म्हणालो, मला ठाऊक होतं. जुलैपासून.

हे मी मोठ्याने म्हटलं. वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.

त्यांनी फडक्याची गाठ मारली. मग म्हणाल्या, आमच्याकडे शाळेत कोणी कंद घेऊन आला की स्वयंपाकीण त्यातलाच एक उकडायची आणि आधी त्यालाच द्यायची. तिच्यासमोर खायचा. कोणाला अपमान वाटायचा नाही. चूक माझीही झाली, मी तुम्हाला खायला लावायला हवं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात, मला संकोच वाटला.

मी म्हणालो, सांगायचं होतंत, मी आनंदाने खाल्लं असतं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आय नो, मिस्टर हरिदास. तुम्ही वाटीभर खाल्लं असतं, माझ्याकडे बघून छान आहे म्हणाला असतात, आणि मी ते पोरांना वाढलं असतं.

बाहेर जेवणाची घंटा झाली. रांगेचा गलका जवळ यायला लागला. मी मागच्या दाराने निघालो.